किन्हीराजाची दुरडी आणि एक इंग्रजी शब्द

थ्वॉर्ट हा शब्द मला येतो. नुसता म्हणता येतो असं नाही, त्याचा अर्थ काय, तो कुठं लावायचा नि कुठं नाही, सगळं येतं. परवा नातीच्या वहीत तो दिसला. तिच्या बाईंनी काही शब्द वाक्यात वापरून आणायला सांगितले होते आणि या एकापुढं तिनं जागा कोरी सोडली होती. मी चष्मा नीट करून म्हटलं, हा मला येतो. ती हसतच सुटली, म्हणाली, आजी, तू तर दुसरीपर्यंतच शिकली ना? खरं आहे तिचं. दुसरी झाली नि माझी पाटी घरी आली ती आलीच. पुढं जे वाचता-लिहिता आलं ते असंच, दुसऱ्याच्या शिकवणीच्या कडेला बसून, हातानं मेथीच्या जुड्या बांधता बांधता. त्या शिकवणीतले बाकीचे शब्द कधीच वाहून गेले. हा एक राहिला. का राहिला ते नातीला सांगितलं नाही, इथं सांगते.

आमचा मळा मालेगावच्या शिवेवर होता, किन्हीराजा गावच्या वाटेला लागून. घर मळ्यातच, मातीचं, पुढं पडवी. माझ्या लहानपणाला आवाज कुठला म्हणाल तर मोटेचा. पहाटे चाक करकरायला लागायचं, मग मोट वर आली की थारोळ्यात धबाल करून पाणी पडायचं, मग बाबांची बैलांना हाक, मग थोडा वेळ काहीच नाही, की पुन्हा करकर. मोट चालू असली की मला गाढ झोप लागायची, थांबली की जाग यायची. आता घरात पंखा आहे, फ्रिज आहे, पाण्याची मोटर आहे, सगळं गुरगुरत असतं, पण झोप काही तशी नाही. हिवाळ्यात मळा बघण्यासारखा व्हायचा. मेथी, पालक, वांगी, मुळे, कडेनं मिरची. बाजाराच्या आदल्या दिवशी सगळं घर भाजी काढायला. जेवायला चुलीतल्या निखाऱ्यावर भाजलेलं वांगं, त्यात कच्चा कांदा नि हिरवी मिरची, सोबत ज्वारीची भाकर. कधी रोडगे. शेणीच्या आरात भाजलेला रोडगा फोडला की आतून जी वाफ निघायची, त्या वासासाठी मी अजून लेकाच्या मागं लागते. तो म्हणतो, गॅसवर कर. गॅसवर काय होतं, माझं डोंबल!

हे रोडगे आत्या करायची. गिरजा आत्या, बाबांची धाकटी बहीण. लग्नाला वर्ष झालं नव्हतं तर नवरा पटकीत गेला नि ती माहेरी परत आली. मी तेव्हा तीन वर्षांची, आणि मायच्या मांडीवर दुसरं लेकरू. मी आत्याच्या कुशीत गेले ती तिथलीच झाले. न्हाऊ घालायची ती, वेणी घालायची ती, ताप आला तर उशाशी ती. तिची मेथीची जुडी अशी बांधलेली असायची की बाजारात लोक हातात घेऊन म्हणायचे, ही गिरजाबाईची. पण ती स्वतः बाजारात जात नसे. बाबांना ते नको होतं. तरुण विधवा बहीण चव्हाट्यावर बसवली असं लोक म्हणतील, हे त्यांच्या डोक्यात. म्हणून दुकानात बाबा नि मी बसत असू, आणि आत्या घरी.

घरात आणखी एक माणूस होतं, काशीकाका. बाबांचा सगळ्यात धाकटा भाऊ. मिशा फुटलेल्या, पण अजून मॅट्रिकच्या इंग्रजीशी झुंजणारा. दोनदा त्याच विषयात आपटला होता. शेवटी बाबांनी गावातले एक पेन्शनर मास्तर लावले. ते दिवस कलायच्या सुमाराला मळ्यात यायचे, उन्हं असेतो पडवीत काकाला शिकवायचे नि जाताना धोतराच्या सोग्यात वांगी-मुळे बांधून न्यायचे. तीच त्यांची फी. आम्ही बाया त्याच पडवीत खालच्या अंगाला जुड्या बांधत असू. मास्तर मोठ्यानं शिकवायचे, त्यामुळं शिकणं सगळ्यांच्याच कानावर पडे. काका विसरायचा, मी नाही विसरायची. मास्तर एकदा म्हणाले, काशिनाथ, परीक्षेला हिलाच बसवू का? काका म्हणाला, बसवा गुरुजी, मी जुड्या बांधतो.

तर त्या हिवाळ्यात किन्हीराजाहून दुरडी आली.

हे जरा सांगायला हवं. आमच्यात बाईला दुसरं घर करायची मुभा होती, त्याला पाट लावणं म्हणायचे. पण पाटाची बोलणी लग्नासारखी चारचौघांत होत नसत. आमच्या भागात त्यासाठी दुरडी पाठवायची रीत होती. मुलाकडची म्हातारी बोरं, शेंगा, जे हंगामाचं असेल ते दुरडीत घालून बाईच्या घरी पाठवी. मंजूर असलं तर त्याच दुरडीत सुपाऱ्या, गूळ नि खोबऱ्याची वाटी घालून परत करायची. नामंजूर असलं तर रिकामी द्यायची. एरवी कुणाचं भांडं कुणी रिकामं परत करत नाही, म्हणून रिकामी दुरडी म्हणजे समजायचं ते समजलं. कुणाच्या तोंडून नाही निघत नाही, दोन्ही घरांचा मान राहतो. आणि एकदा परत आली की पुन्हा विचारायचं नाही, का म्हणूनही नाही. रीत चांगलीच होती म्हणायची. फक्त दुरडी नेणारा हात प्रामाणिक पाहिजे.

दुरडी पाठवली होती कोंडबाच्या मायनं. हा कोंडबा आम्हाला तोंडओळखीचा. दर बाजाराला त्याची गाडी आमच्या मळ्यावरून जायची नि येताना तो आमच्या थारोळ्यावर बैलांना पाणी पाजायला थांबायचा. बायको वारलेली, लेकरू नाही, घरी म्हातारी माय नि थोडीशी शेती. माय नि बाबांनी दोन दिवस हळू आवाजात काय ते बोलून घेतलं. मग मायनं आत्याला चुलीपाशी विचारलं, मी तिथंच शेंगा फोडत होते. आत्या पिठात हात घालून होती. ती वर न बघता म्हणाली, "तुमी म्हनान तसं, वहिनी." बस, एवढंच. मला त्या उत्तरात रडू दिसलं. माझ्या अकरा वर्षांच्या अकलेनं ठरवून टाकलं की आत्याला जायचं नाही, हे मोठे लोक तिला ढकलून राहिले, नि तिला वाचवणारी मीच काय ती. आज कबूल करते, तिला वाचवायचं हे नुसतं वरचं सोंग. आत होतं ते एवढंच की ती गेली तर माझी वेणी कोण घालील.

बाजाराच्या दिवशी मायनं दुरडी भरून वर मेथीची पानं झाकली नि माझ्या हाती दिली. कोंडबाची माय दुकानावर येईल, तिला दे, काही बोलू नको, असं बजावलं. दुकान मांडून झाल्यावर बाबा बैलबाजाराकडं गेले. मी पोत्याआड दुरडी ओढली. गूळ खाऊन टाकला. सुपाऱ्या नि खोबऱ्याची वाटी ओच्यात बांधली, ती नंतर घरी वांग्याच्या वाफ्यात पुरली. थोड्या वेळानं म्हातारी आली, लुगड्याचा काष्टा घट्ट, हातात काठी. मी दुरडी पुढं केली. तिनं आत पाहिलं. मग माझ्याकडं पाहिलं. मग दुरडी पालथी करून तिच्या बुडावर दोनदा बोटं वाजवली, जणू आत काही अडकलं असेल. "बरं बाई," म्हणाली नि गेली.

पुढच्या बाजाराला किन्हीराजाची गाडी मळ्यावरून गेली, थांबली नाही. येतानाही थांबली नाही. आमच्या घरी सगळे वाट पाहून राहिलेले, की दुरडी भरून दिली, आता दिवस ठरवायला कुणी येईल. कुणी आलं नाही. बाबांचा चेहरा उतरला, मग त्याचा राग झाला. आपण होकार दिला नि हे लोक गप्प, म्हणजे आपल्यात काही खोट काढली. काकानं म्हटलं, जाऊन विचारून येतो. बाबा कडाडले, रीत हाय का नाई काही, आपन काय पाय धराले जाव? तिकडं किन्हीराजात तेही असेच मान धरून बसलेले. दोन्ही घरं आपापल्या अब्रूला जपत होती नि मधल्या वाटेवर मी एकटी सगळं जाणून होते. सुरुवातीला फार सुखात होते, खोटं का सांगू. आत्या घरीच, माझी वेणी रोजची. पण आत्याच्या भाकरी करपू लागल्या. मोटेवर पाणी पाजायला गाड्या थांबल्या की ती हातातलं टाकून वाटेकडं बघायची, नि वेगळीच गाडी निघाली की पुन्हा वाकायची. मी हे पाहत होते आणि मला ते समजून घ्यायचं नव्हतं.

मग एके दिवशी काका गावातून बातमी घेऊन आला, की कोंडबाच्या मायनं दुरडी आता मेडशीला पाठवली. तिथंही एक बाई आहे म्हणे. माय नुसती हं म्हणाली. आत्या जुड्या बांधत होती, ती बांधतच राहिली.

त्याच दिवशी मास्तरांनी थ्वॉर्ट शिकवला. म्हणजे शब्द असेच ओळीनं येत होते, त्यात त्या दिवशी तो आला. काकाच्या जिभेला तो काही वळेना. थवारट, थव्वाट असं करता करता त्यानं माझ्या भावाच्या तोंडावर थुंकी उडवली. मास्तर म्हणाले, याचा मूळ अर्थ आडवा. नावेत दोन्ही बाजूंना धरून एक आडवी फळी असते, वल्हवणारा तीवर बसतो, तिलाही हेच नाव. बाबा पडवीच्या टोकाला नाडा वळत बसले होते, ते म्हणाले, मास्तर, आमी नाव कुठी पाह्यली, मोटेतलं सांगा. मास्तर हसले. म्हणाले, बरं, एखाद्याच्या मनात काही करायचं आहे आणि दुसरा आडवा येऊन ते होऊ देत नाही, त्याला हा शब्द. यावर सगळ्या पडवीला जोर आला. माय म्हणाली, म्हणजे मोडता घालणं. काका म्हणाला, खोडा. बाबा म्हणाले, पाचर मारणं, आडकाठी, बिब्बा घालणं, आमच्या इकडं तर या कामाला शब्दच शब्द, इंग्रजाले एकावरच भागवा लागते का? मास्तर म्हणाले, त्यांच्याकडंही आणखी आहेत, पण परीक्षेला हा येतो. वाक्य कर, काशिनाथ.

काकानं विचार करून केलं, कावळ्यानं बुजगावण्याला थ्वॉर्ट केलं. मास्तरांनी कपाळाला हात लावला. "अरे, बुजगावण्याला कसला बेत असतो? ज्याला काही हवं आहे, त्यालाच हा शब्द लागतो. ज्याला हवंच नव्हतं, त्याला कुणी थ्वॉर्ट करू शकत नाही. वाक्यात आधी इच्छा हवी, मग आडवं येणं." बाबांनी विचारलं, विहीर आटली नि माझी मिरची गेली तर? मास्तर म्हणाले, चालेल, विहिरीनं तुमचा बेत मोडला, कारण तुम्हाला मिरची हवी होती. मी मान खाली घालून जुडी बांधत होते. मनात म्हटलं, मग मी काही केलं नाही. आत्याला कुठं हवं होतं?

तेवढ्यात आत्याचा आवाज आला. ती शिकवणीत कधी बोलत नसे. हातातली जुडी तशीच धरून म्हणाली, "मास्तर, त्या मानसानं आपल्या मनातलं कोनाले सांगतलंच नसन, तरी चालते का हा शब्द?"

मास्तरांनी तिच्याकडं पाहिलं, मग दूर पाहिलं. म्हणाले, "चालतो, बाई. मनातला बेतही बेतच."

आत्यानं मान हलवली, मुळांवरची माती झटकली नि जुडी टोपल्यात ठेवली. आणि माझ्या बोटांतला जुडी बांधायचा वाख सुटून मेथी सगळी मांडीवर पसरली.

दुसऱ्या दिवशी सकाळी बाबा मोट हाणत होते नि आत्या वाफ्यांना पाणी देत होती. फावड्यानं एका वाफ्याचं तोंड बुजायचं, दुसऱ्याचं फोडायचं, असं ते काम. ती घोट्याएवढ्या पाण्यात उभी. मी बांधावर जाऊन सगळं एका दमात सांगून टाकलं. तिनं फावडं टेकवलं. पाणी येत राहिलं, वाफा भरला, बांध फुटून पाणी वाटेवर गेलं. तिकडून बाबा ओरडले, बारं मोड व, ध्यान कुठी हाय? तिनं दोन फावडी माती ओढून तोंड बुजलं आणि मग मला विचारलं, खोबऱ्याचं काय केलं. मी म्हटलं, वांग्यात पुरलं. आन गूळ? खाल्ला. तर ती हसली. मला वाटलं, सुटले. पण हसता हसता ती तशीच बांधावर बसली नि पदर तोंडाला लावला.

"मले वाटलं तुले नाई जायचं," मी म्हटलं. "तू म्हनली न, तुमी म्हनान तसं."

"मंग काय म्हनू, पोरी?" ती म्हणाली. "बाईनं हो म्हनाव त ते असंच म्हनाव लागते. तो गडी थारोळ्यावर येते त आधी बैलाले पाजते, मंग उरलं त सोता पेते. दोन वर्सं पाहून राह्यली मी."

मीही ते दोन वर्षं पाहिलं होतं. मला वाटायचं, बैलांना तहान जास्त असते.

बाजाराच्या दिवशी आत्यानं धुतलेलं लुगडं नेसलं नि भाजीच्या गाडीपाशी येऊन उभी राहिली. बाबांनी विचारलं, गिरजे, तू कुठी? "मेथी इकाले," ती म्हणाली. तिच्या चेहऱ्यात काय होतं कोण जाणे, बाबांनी टोपलं सरकवून जागा केली. बाजारात पोहोचल्यावर दुकान मांडून व्हायच्या आत तिनं माझं मनगट धरलं नि सरळ गाड्यांच्या रांगेकडं चालू लागली. लोक बघत होते. कोंडबा तुरीच्या पोत्यांपाशी बसला होता, शेजारी त्याची माय. आत्यानं पदर सावरला, पण मागं नाही झाली.

"दुरडी आमच्या घरून भरून निंगाली होती," ती म्हणाली. "मंधात या पोट्टीनं रिकामी केली. तुमाले ठाव असाव म्हनून सांगाले आली."

म्हातारीनं माझ्याकडं पाहिलं, त्या दिवशीसारखंच. मग आवाज खाली आणून म्हणाली, "आता काय करू, माय? मेडशीची परवा भरून आली. शबूद गेला."

आत्याचं माझ्या मनगटावरचं बोट न बोट मला कळत होतं. पण ती हलली नाही. कोंडबा उभा राहिला. इतक्या दिवसांत मी त्याला बैलांशीच बोलताना ऐकलं होतं. तो म्हणाला, "तुमच्या मनात होतं का?"

"होतं," आत्या म्हणाली. नीट, ऐकू जाईल असं.

तो खाली बघत उभा राहिला. आत्या वळली तेव्हा मागून एवढंच म्हणाला, "पोरीले मारू नोका."

परत येताना ती एका दुकानापाशी थांबली नि मला रेवड्या घेतल्या, स्वतःही घेतल्या. मी रडत होते, रेवडी तोंडात तशीच. ती म्हणाली, चाव न व, का नुसती धरून ठेवली? मग जरा वेळानं, स्वतःशीच बोलावं तसं म्हणाली, "त्यानं इचारलं त. मले अजून कोनी इचारलंच नव्हतं." मग तिनं दुसरी रेवडी तोंडात टाकली.

ती आमच्याच घरी राहिली. पुढं आणखी एकदोन दुरड्या आल्या, तिनं स्वतःच्या हातानं रिकाम्या करून दिल्या. माझं लग्न होऊन मी सासरी गेले तोवर माझी वेणी तीच घालत होती. रोडगे तीच करत होती. हिवाळ्यात तिच्या गोधडीत पाय घालून मी किती गोष्टी ऐकल्या, त्याला गणती नाही. आज म्हातारपणी डोळे मिटले की जे गोड म्हणून आठवतं, ते सगळं त्याच वर्षांतलं आहे. ती वर्षं तिला किन्हीराजात घालवायची होती. मी ती माझ्याकडं ओढून घेतली, आणि तिनं ती मला हात आखडता न घेता दिली. कधी एका शब्दानं बोलून दाखवलं नाही. बोलली असती तर मला बरं वाटलं असतं का, कुणास ठाऊक. कोंडबाची गाडी पुढंही मळ्यावरून जायची. कधीतरी थांबायचीही. बैल पाणी प्यायचे, मग तो प्यायचा, आत्या आपलं काम करत राहायची नि मी तेवढा वेळ घरात जाऊन बसायची.

त्या रेवड्यांच्या दिवसानंतर जो पहिला बाजार आला, त्या दिवशी बाबांनी नेहमीसारखी मला हाक मारली. मी टोपलं घेऊन धावत गाडीपाशी गेले तर आत्या आधीच वर चढून मेथीच्या टोपल्याशेजारी बसली होती. बाबा बैल जुंपत होते. त्यांनी तिच्याकडं पाहिलं नि गाडी हाकली.